खिडकीतला साक्षी (गीता, अध्याय १२, श्लोक १६)



आजचा श्लोक बाराव्या अध्यायातला सोळावा. देवाला प्रिय असलेल्या भक्ताची सहा लक्षणं त्यात एका दमात येतात: अनपेक्ष, शुचि, दक्ष, उदासीन, गतव्यथ आणि सर्व आरंभांचा त्याग केलेला. गेले तीन दिवस मी यातल्या दोनच शब्दांवर अडकलोय. दक्ष आणि उदासीन. देवाने हे दोन शब्द अगदी शेजारी शेजारी ठेवलेत, आणि मला ते एकमेकांशी भांडताना दिसतात.

मराठीत उदासीन म्हटलं की आपल्याला मतदानाच्या दिवशी सहलीला जाणारा माणूस आठवतो. संस्कृतात मुळात अर्थ वेगळा, वर बसलेला, म्हणजे ओढाताणीच्या वर. शंकराचार्यांच्या भाष्यात याचा भाव असा येतो की मित्राचीसुद्धा बाजू न घेणारा तो उदासीन. यालाच आपण हल्ली साक्षीभाव म्हणतो. सगळं घडतंय, मी फक्त बघतोय. आपल्या पिढीला हा शब्द फार आवडतो. ऑफिसमध्ये ताण आला, साक्षीभाव. घरी वाद झाला, साक्षीभाव. मला तर जरा जास्तच आवडायचा, कारण बघणं हा माझा लहानपणापासूनचा छंद. मी रेल्वेवेडा आहे. इंजिनं बघायला मी सुट्टी टाकून प्रवास केलेत.

त्यातलाच एक प्रवास सांगतो. मुंबईहून केरळला जाणारी गाडी, स्लीपरचा डबा, इंजिनापासून तिसरा. कोकण रेल्वेवर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्याआधीची गोष्ट. आमच्या गाडीला डब्ल्यूडीएम-३ए होतं, आल्को घराण्यातलं, सोळा सिलिंडरचं, ३१०० अश्वशक्तीचं. ज्यांनी हे इंजिन ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. थांबलेलं असतानाही ते छातीत धडधडतं. ड्रायव्हरने नॉच वाढवला की आधी काळा धूर उसळतो आणि मग गाडी अंग हलवते. आणि गंमत म्हणजे डिझेल थेट चाकं फिरवत नाही. डिझेलवर वीज तयार होते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. वळण आलं की मी दारात. पुढे इंजिन दिसायचं, हिरव्या डोंगराच्या कडेने वाकून चाललेलं.

दाराजवळच्या पॅसेजमध्ये एक आजी बसल्या होत्या, चादर अंथरून. तिकीट वेटिंगमध्ये राहिलेलं, सोबत सहा-सात वर्षांचा नातू. मडगावला उतरणार होत्या. प्रत्येक वळणाला मी त्यांच्या पायांवरून उडी मारून दारात जायचो आणि त्या प्रत्येक वेळी पाय आखडून घ्यायच्या. गुडघे दुखत असावेत, कारण दर वेळी हाताने धरून पाय जवळ ओढायच्या. हे मला दिसत होतं. म्हणजे आत्ता आठवतंय, त्याअर्थी तेव्हा दिसलंच असणार.

चिपळूणच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात आमची गाडी बाजूच्या रुळावर थांबली. एकेरी मार्ग असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी लागते. समोरून आली रोरो. सपाट वॅगनवर ओळीने उभे केलेले ट्रक, एकामागून एक, आणि बहुतेक ट्रकच्या केबिनमध्ये त्यांचे ड्रायव्हर बसलेले. इंजिन बंद, पाय वर घेतलेले. एकाचा हात मात्र सवयीने स्टिअरिंगवर होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! स्टिअरिंग हातात, आणि गाडी दुसराच कुणी चालवतोय! रमण महर्षींचा तो आगगाडीतल्या बोजाचा दृष्टांत तुम्ही ऐकला असेलच, सगळा भार गाडी वाहतेय तर गाठोडं डोक्यावर कशाला घेऊन बसायचं. मी फोटो काढला, खाली साक्षीभाव आणि शरणागतीवर चार ओळी लिहिल्या आणि रेंज आल्यावर टाकल्या. बरेच लाइक आले. (या ब्लॉगची सुरुवात खरं तर तिथेच झाली, हेही सांगून टाकतो.)

पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. धूर आत येतो म्हणून सगळ्यांनी खिडक्या ओढल्या. बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांचेच घसे कोरडे झाले होते. रत्नागिरी जवळ आली, मी दारात उभा. आजींनी रिकामी बाटली पुढे केली.

"बाळा, खाली उतरतोयस ना? एवढी भरून आण हो. याला सोडून मला जाता येत नाही."

"हो आजी, आणतो की," म्हणालो. बाटली घेतली. गाडी थांबली. नळ उजवीकडे, इंजिन डावीकडे. मी डावीकडे गेलो.

दोनच मिनिटं बघून येऊ, असं ठरवून गेलो होतो. लोको पायलट आणि त्यांचे सहायक केबिनमध्ये बसले होते, दोघांची नजर पुढच्या सिग्नलवर. मी बघत राहिलो. सिग्नल मिळाला तसा सहायकाने हात करून तो मोठ्याने उच्चारला, पायलटने तसाच परत उच्चारला. हॉर्न वाजला आणि मी धावत सुटलो. दारात चढल्यावर लक्षात आलं की हातात बाटली आहे. रिकामी.

आजींनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "असू दे. इंजिन बघत होतास ना? हा पण तस्साच आहे."

नातू मात्र "पाणी" म्हणून रडायला लागला. बाजूच्या बर्थवर एक मल्याळी काका पेपर वाचत होते. त्यांना मराठी येत असेल असं वाटत नाही. त्यांनी पेपरातून मान वर न काढता आपली पाण्याची बाटली उचलली, हात लांब करून आजींच्या हातात दिली आणि पान उलटलं. आजी काहीतरी बोलल्या, त्यांनी नुसती मान हलवली. बस. पुढे मडगावपर्यंत त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे बघितलंही नाही.

थोड्या वेळाने पानवलचा पूल आला, चौसष्ट मीटर उंच. त्याची मी सकाळपासून वाट बघत होतो. मी जागेवरून उठलो नाही.

आता श्लोकाकडे येतो. मी त्या दिवशी सकाळपासून कोण होतो? माझ्या मते साक्षी. खिडकीतून जग सरकतंय आणि मला त्यातलं काहीच नकोय. पण खरंच नको होतं का? मला इंजिन हवं होतं, वळण हवं होतं, फोटो हवा होता, लाइक हवे होते. नको होते ते फक्त आजींचे गुडघे. ज्याला मी अलिप्तपणा म्हणत होतो ती निवड होती, माझ्या सोयीची. आणि तिला शास्त्राचं नाव दिलेलं, म्हणून ती जास्त वाईट. नुसता विसरभोळा माणूस निदान लाजतो तरी. मी त्या रात्री बर्थवर पडून 'घडायचं ते घडलं, मी कोण करणारा' असं मनाला समजावत होतो! हा शब्द इतका सोपा हाताशी असतो.

दक्ष शब्दाचा आचार्यांनी केलेला अर्थ मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळाला. अचानक समोर येऊन उभं राहिलेलं काम त्याच क्षणी नीट ओळखून करू शकणारा तो दक्ष, असा त्याचा भाव आहे. वाचल्याबरोबर काकांचा लांब केलेला हात आठवला. आणि त्याच काकांचं पेपरात परत जाणंही आठवलं. आभार नकोत, ओळख नको, 'बघा मी दिलं' नको. दक्ष आणि उदासीन एकाच माणसात, एकाच हालचालीत. मला वाटत होतं हे दोन शब्द भांडतात.

इंजिनातले ते दोघेही बघतच होते ना? त्यांचं बघणं आणि माझं बघणं यात फरक काय? त्यांच्या केबिनमध्ये एक यंत्र असतं. साधारण मिनिटभर चालकाने कुठलीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग आवाज होतो, तरीही प्रतिसाद नसला तर ब्रेक लागतात. तिथे नुसता बसलेला साक्षी चालत नाही. मागे डब्यांत शेकडो माणसं झोपलेली असतात, त्यातल्या एकाचंही नाव त्यांना माहीत नसतं. ना कुणाची बाजू, ना कुणाशी नातं. तरी डोळा सिग्नलवर.

एक शंका तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो. दादर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता किती जणांच्या बाटल्या भरणार? प्रत्येकाचं दुःख आत घेत बसलो तर माणूस वेडा होईल. खरं आहे. थोडं न बघणं शहरात जगायला लागतंच, आणि मी त्याला पाप म्हणणार नाही. पण बाराव्या अध्यायात उदासीन हा शब्द येण्याआधी, तेराव्या श्लोकात, मैत्र आणि करुण हे शब्द येऊन गेलेत. क्रम बघा. आणि नवव्या अध्यायात देव स्वतःला उदासीनासारखा म्हणतो, त्यातलं 'सारखा' विसरू नका. तोच देव तिसऱ्या अध्यायात सांगतो की मला मिळवायचं काहीही उरलं नाही, तरी मी कामात आहेच. वर बसायचं ते स्वतःच्या मान-अपमानाच्या, नफा-तोट्याच्या वर, असं मला आज वाटतं. दुसऱ्याच्या तहानेच्या वर बसायला देवाने कुठे सांगितलंय? मला तरी सापडलं नाही. पण नेमकी रेघ कुठे मारायची ते मला अजून जमत नाही. रोज चुकतं. कधी नको तिथे गुंततो, कधी हवं तिथे बघत बसतो.

मागच्या महिन्यात पुन्हा त्याच मार्गाने गेलो. आता विजेची इंजिनं, धूर नाही, ती धडधडही नाही. रत्नागिरी येताना मी डब्यात मोठ्याने विचारलं, "कुणाला पाणी आणायचंय का?" दोघांनी मोबाईलवरून मान वर करून संशयाने बघितलं. एक मुलगी म्हणाली, "नको दादा, आहे." बाकी कुणालाच नको होतं. मग उतरलो आणि इंजिन बघायला गेलो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥