खड्डे पडतात की पाडले जातात?

आपण म्हणतो, रस्त्याला खड्डे पडले. पाऊस पडतो, थंडी पडते, दुष्काळ पडतो, तसेच खड्डेही. या क्रियापदाला कर्ता लागत नाही. मला वाटतं, रस्त्यांच्या प्रश्नातली निम्मी नैतिक गडबड या एका शब्दात आहे.

यावल तालुक्यातून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग जातो. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा हा रस्ता म्हणजे केळीपट्ट्याचा कणा. त्याखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. डांबराला बारीक भेग पडते, भेगेतून पाणी आत शिरतं, खालची खडी सुटते आणि वरून केळीचा भरलेला ट्रक गेला की तुकडा निखळतो. कडेची गटार बुजलेली असेल तर हे सगळं लवकर होतं. यातलं काहीही अनपेक्षित नाही. भेग वेळेवर भरली आणि गटार मोकळी ठेवली तर खड्डा बहुधा होतच नाही. म्हणजे खड्डा हा न केलेल्या कामाचा परिणाम आहे.

ज्युडिथ श्क्लार या विचारवंत बाईंनी १९९० साली दुर्दैव आणि अन्याय यांच्यातल्या सीमारेषेवर एक पुस्तक लिहिलं. ही रेषा निसर्गाने आखलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. टाळता येण्यासारखं काय होतं आणि ते कुणी टाळायला हवं होतं, यावर ती ठरते. आणि ती कुठे आखायची हे सांगण्याचा अधिकार बहुतेक वेळा, ज्यांचं काही बिघडलेलं नाही, अशांच्याच हाती असतो.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून रावेरकडे परतणारे किमान १५ मजूर गेले. पंतप्रधान मदतनिधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. अशा कुठल्याही अपघातात वेग किती, ओझं किती, झोप किती, रस्ता किती, हे वाटे वेगळे काढणं अवघड असतं. जबाबदारी विरघळते ती याच अवघडपणात. अभियंता म्हणतो निधी नव्हता, ठेकेदार म्हणतो बिल थकलं, वरचे म्हणतात वाहनं ओव्हरलोड होती. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं. पण वाटा लहान असणं म्हणजे वाटा नसणं नव्हे. दहा जणांनी मिळून उचलायचं ओझं खाली पडलं, तर दहाही जण ‘माझा तर एकच हात होता’ म्हणून सुटू शकत नाहीत.

कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. १७८८ साली इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या नादुरुस्त पुलामुळे एका माणसाच्या गाडीचं नुकसान झालं. त्याने सगळ्या परगण्यावर दावा लावला आणि तो हरला. सार्वजनिक गैरसोयीपेक्षा एका माणसाने नुकसान सोसलेलं बरं, असा न्यायालयाचा सूर होता. रस्ता दुरुस्त न ठेवणाऱ्या यंत्रणेला मिळणारं हे संरक्षण तिथे १९६१ च्या कायद्याने संपवलं. आपल्याकडे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली आणि ती दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितलं. देशात २०२२ या एका वर्षात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसं गेल्याची सरकारचीच नोंद आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: माणसाला किंमत लावली की यंत्रणा ती खर्चात धरून मोकळी होईल. म्हणूनच मला रकमेपेक्षा वसुलीचा भाग मोलाचा वाटतो. सरकारी तिजोरीतून दिलेली मदत ही दया असते, कारण देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. दोषी माणसाच्या खिशातून गेलेला रुपया हे उत्तर असतं.

तरी भरपाई मरणानंतर येते आणि कर्तव्य त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. केळीला वाटेत बसलेला मार लोड भरताना दिसत नाही; माल दिल्लीला पोचतो, पिकतो, तेव्हा साल काळी पडते आणि भाव कापला जातो. रस्त्याची हेळसांडही अशीच. ती होते एकीकडे, भोगली जाते दुसरीकडे. मध्ये अंतर पडलं की संबंध तुटल्यासारखा वाटतो, पण तो तुटत नाही.

मग आपलं काय? श्क्लार थांबवता येणारा अन्याय मुकाट पाहणाऱ्या नागरिकालाही दोष देतात. ते मला मान्य आहे, पण एका अटीवर. पपईवर बसलेल्या मजुराचा वाटा आणि शिकल्या-सवरल्या, वेळ असलेल्या माणसाचा वाटा एक नाही. ज्याला जितकं टाळता आलं असतं, तितकं त्याच्याकडे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात हजारो बायाबापड्यांनी खडी फोडून रस्ते केले. त्यांनी त्यांचा वाटा केव्हाच दिला आहे.

उरलेल्यांचं काम फार मोठं नाही. रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असेल तर त्यावर ठेकेदाराचं नाव, खर्च आणि दोषदायित्वाची मुदत वाचायची. फलक नसेल तर तो का नाही, हे लेखी विचारायचं. आणि मुदत संपायच्या आत, तारीख घालून, अर्जात लिहायचं: खड्डा पाडला गेला आहे.