दामाजीपंतांची पावती आणि नाण्याचे मोल

दामाजीपंतांची कथा ऐकली नाही असा वारकरी विरळाच. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बेदरच्या बहामनी बादशहाचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे अन्न अन्न करीत दारात येऊन पडू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बातमी बेदरला पोहोचली आणि पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. पंत अजून वाटेतच होते, तोवर एक महार हातात काठी, खांद्यावर घोंगडी अशा वेशात दरबारात हजर झाला. त्याने जोहार केला, धान्याच्या किमतीची थैली बादशहापुढे रिकामी केली, रकमेची पावती मागून घेतली आणि निघून गेला. नाव विचारले तेव्हा विठू म्हणाला. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. कीर्तनात बुवा ती रंगवून सांगतात, आणि एवढ्याशा थैलीतून नाण्यांची रास पडतच राहते त्या प्रसंगाला सगळा मंडप विठ्ठलनामाने दुमदुमतो.

मला या कथेत पावतीपाशी थांबावेसे वाटते. देवाला काय अशक्य होते? रिकामी कोठारे पुन्हा भरता आली असती. बादशहाचे मन पालटता आले असते. झाले गेले त्याच्या कानावरच गेले नाही, असेही करता आले असते. यातले काहीच पांडुरंगाने केले नाही. रक्कम मोजून भरली आणि पावती घेतली, एखाद्या चोख व्यापाऱ्यासारखी. आपल्या संतांनी द्रव्याच्या लोभापासून दूर राहायला सांगितले, आणि इथे त्यांचाच देव भर दरबारात नाणी मोजतो आहे. याचा उलगडा करायचा तर नाणे म्हणजे काय, त्याचे मोल येते कुठून, हेच आधी पाहिले पाहिजे.

मोल धातूचे, असे आपले जुने लोक सांगतील, आणि त्यांचा अनुभवही तसाच होता. पेशवाईत टांकसाळी अनेक होत्या. सरकारकडून सनद घेऊन सोनार-सराफ त्या चालवीत. पुण्याकडचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी रुपया वेगळा. एकाची चांदी चोख, दुसऱ्यात भेसळ जास्त. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत न्यायचा तर सराफ तो दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके, कस पाही, आणि मग ठरावीक रक्कम कापून बदलून देई. त्या कापण्याला म्हणत बट्टा. आज कोणाच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो शब्द या सराफी व्यवहारातलाच. भाषेत अशी कितीतरी नाणी अजून चालतात. दमडी, छदाम, कवडी बाजारातून केव्हाच गेली, पण कोणाची किंमत करायची वेळ आली की तोंडात तीच येतात. भरवशाच्या माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो, म्हणजे न मोडलेला, पुरा सोळा आण्यांचा. (आपल्या पावलीचीही तीच गोष्ट. चार आण्यांची पावली ३० जून २०११ नंतर सरकारने चलनातून काढून टाकली. दिंडीतली पावली कोणत्या टांकसाळीत पडली नव्हती, ती चालूच आहे.)

पण धातूवर सगळे मोल असते तर मग शिक्का कशाला? चांदीचा तुकडा तोलून घेतला असता. शिक्का सांगतो की तोलायची गरज नाही, मी जबाबदार आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, मुळात सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. चांदी तीच, वजन तेच. नाणे वितळवलेसुद्धा नाही. कित्येकांवर नव्या चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते. बदलले एवढेच की आता कोणाच्या शब्दावर हे नाणे घ्यायचे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई पाडली ती तांब्याची, म्हणजे गरिबाच्या हाताळणीतली. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. भाजीवालीच्या हातावर पडणाऱ्या त्या तांब्याच्या चकतीने राज्य कोणाचे आहे हे सांगितले, आणि त्या राज्याने तिची जबाबदारीही घेतली.

पुढे तर धातू नाण्यातून हळूहळू निघूनच गेला. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० साली ती निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा होता. आजचा स्टेनलेस स्टीलचा आहे. रुपया मात्र रुपयाच राहिला. आपण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला डबीतला राणीछाप काढतो, हळदकुंकू वाहून परत डबीत ठेवतो आणि बाजारात स्टीलचा खर्च करतो. ज्यात चांदी आहे तो चालत नाही, आणि चालतो त्यात चांदी नाही.

बरे, शिक्क्यावर तरी सगळे आहे का? दहा रुपयांच्या नाण्याचा अनुभव वारकऱ्यांना सांगायला नको. पालखी एका गावात असते तेव्हा दुकानदार ते नाणे बिनतक्रार घेतो, पुढच्या मुक्कामाला दुसरा म्हणतो, माउली, हे इकडे चालत नाही. कुठूनशी अफवा उठली की यातली काही नाणी खोटी आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केले की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार खरे आहेत. तरी कित्येक ठिकाणी ते पुष्कळ दिवस अडले. सरकारचा शिक्का आहे, धातू जसाच्या तसा आहे, नाणे खणखणीत आहे, आणि तरी त्याने चहा मिळत नाही. कारण चहावाल्याला धास्ती एकच, उद्या दूधवाला हे माझ्याकडून घेईल का? नाण्याचे मोल शेवटी या पुढच्या माणसापाशी असते. मी ते घेतो, कारण माझ्यामागून कोणीतरी ते घेणार आहे.

हा भरवसा किती लांब जाऊ शकतो, ते नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून ठेवले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण दान दिले. ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजार एकीकडे शेकडा एक दराने, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही. त्याच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी दर वर्षी बारा-बारा कार्षापण द्यायचे. राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो विणकरांच्या शब्दावर, हे मला फार मोलाचे वाटते. दान कोरून ठेवले दगडात, पण ते चालायचे होते मागावर बसलेल्या माणसांच्या सचोटीवर.

आता पुन्हा मंगळवेढ्याला येऊ. दुष्काळात पहिल्यांदा मरते ते नाणे. धान्य भरपूर असते तेव्हा नाणे म्हणजे धान्यच. धान्य आटले की ज्याच्याकडे थोडे आहे तो ते सोडत नाही आणि नाण्याची माती होते. पंतांच्या दारात आलेल्यांपाशी तर नाणेही नव्हते. कोठारात धान्य होते, पण ते बादशहाचे होते. इथे पंतांपुढे खरा पेच होता. धान्य द्यावे तर ते दुसऱ्याचे, न द्यावे तर माणसे डोळ्यांसमोर मरतात. पंतांनी दिले. त्यांनी बरोबर केले याविषयी आपल्या परंपरेला कधी शंका आली नाही, मलाही नाही.

परंतु कथा तिथे संपत नाही, हेच तिचे मोठेपण. आजचा एखादा तरुण वारकरी विचारील की बादशहाने ते धान्य पेरले होते का? शेतकऱ्याच्या खळ्यावरून उचललेलाच तो महसूल, शेतकऱ्याने परत खाल्ला तर देणे कसले? प्रश्न खोटा नाही. त्या कोठारांवर खरा हक्क भुकेल्यांचा होता, असे मीही म्हणेन. तरी ज्यांनी ही कथा शतकानुशतके सांगितली त्यांनी देवाच्या तोंडी हा युक्तिवाद घातला नाही. पंत ज्याचे मीठ खात होते त्याच्याशी त्यांचा एक शब्द बांधलेला होता, विणकरांच्या श्रेणीसारखाच. माणसे वाचवण्यासाठी तो मोडावा लागला. मोडला ते योग्यच, पण म्हणून तो मोडलाच नव्हता असे होत नाही. दयेची किंमत कोणीतरी भरायची राहिली होती. पंत ती आपल्या प्राणाने भरायला बेदरची वाट चालत होते. पळून गेले नव्हते. विठू धावला तो त्या वाटेवर चालणाऱ्यासाठी.

याच्या शेजारी तुकोबांची गोष्ट ठेवून पाहावी. देहूच्या मोऱ्यांचे घराणे महाजनकीचे, घरात लोकांनी लिहून दिलेली कर्जखते. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळाने घर धुऊन नेले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे विरक्ती आल्यावर तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवली, हे सगळेच जाणतात. मात्र आधी त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि बुडवला तो फक्त आपला. वैराग्याच्या भरात भावाचा हिस्सा नदीला देणे त्यांना सहज शक्य होते, आणि लोकांनी त्याचेही गुणगान केले असते! इतरांकडून येणे होते ते तुकोबांनी सोडले, दुसऱ्याचे देणे होते ते पांडुरंगाने पैन्‌पै भरले. आपण संसारी माणसे बहुतेक वेळा याच्या उलट वागतो. येणे वहीत जपतो, देणे मात्र विठ्ठल बघून घेईल म्हणून सोडून देतो. दिंडीची भिशी थकवून पंगतीत दानधर्माच्या गोष्टी सांगणारेही असतातच.

आणि एक गोष्ट राहिली. रक्कम घेऊन जायचे तर देवाला सराफाचे रूप घेता आले असते, सरदाराचे घेता आले असते. त्याने घेतले महाराचे. मंगळवेढे हे चोखोबांचेही गाव. त्याच गावच्या कुसवाच्या कामावर असताना कुसू कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांच्या अस्थी आणून नामदेवरायांनी पंढरीत महाद्वारासमोर समाधी बांधली. दामाजींची कथा ऐकताना हे गाव विसरू नये. नाणे कोणाच्या हातून आले यावर त्याचे मोल ठरत नाही, असे व्यवहार सांगतो. आपल्या समाजाने मात्र अगदी काल-परवापर्यंत त्यावरही तोड काढली होती. दलित बांधवांच्या आत्मकथनांत हे वाचायला मिळते. दुकानदार पैसा घ्यायचा, पण हातातून नाही. खाली ठेवायला सांगायचा, त्यावर पाणी शिंपडायचा आणि मग गल्ल्यात टाकायचा. पैसा शुद्ध होत होता, आणणारा होत नव्हता. त्या विठूची थैली बादशहाने पाणी शिंपडून घेतल्याचे कोणी सांगत नाही. मोजून घेतली आणि लेखी पावती दिली. जोहार करीत दारापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द त्या दिवशी भर दरबारात बंद्या रुपयासारखा चालला. कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा अडतो, हे आजही गावोगाव पाहण्यासारखे आहे. चावडीवर, सोसायटीत, आणि खरे सांगायचे तर पंगतीतही.

ती पावती पुढे पंतांना नित्यपाठाच्या पोथीत मिळाली, असे कीर्तनकार सांगतात. ते बेदरला पोहोचले तेव्हा बादशहाने उठून त्यांचे स्वागत केले आणि विचारले, तुमचा तो विठू कुठे आहे, त्याला पुन्हा पाहायचे आहे. पंतांना असा कोणी चाकर माहीत नव्हता. कागद पाहिला तेव्हा त्यांना उमगले. बादशहाच्या वहीत त्यांच्या नावावर आता काहीच बाकी नव्हती, हुद्दा पूर्वीसारखा होता, मानही वाढला होता. दामाजीपंतांनी तिथल्या तिथे चाकरी सोडली आणि पंढरीची वाट धरली.