वैखरी गेली तरी

वाणीचे चार प्रकार आपणां सर्वांस ठाऊकच आहेत. परा नाभिस्थानी, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात आणि वैखरी मुखात. चौघींपैकी जगाला ऐकू येते ती एकटी वैखरी. कीर्तनात हे आम्ही किती वेळा सांगितले असेल, त्याला गणती नाही. सांगायला सोपे आहे हो! पण वैखरीच एकाएकी नाहीशी झाली तर बाकीच्या तिघींचे काय होते, हा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो आम्हांला एका पेटीवाल्या बुवांनी करायला लावला.

हे बुवा आमच्या दिंडीत पुष्कळ वर्षे पेटी वाजवीत. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. एके दिवशी पहाटे त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला आणि बोलणे बंद! पक्षाघात. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती. बहुतेक माणसांच्या बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो, आणि उजवे अंगही तीच बाजू चालविते. म्हणून पुष्कळदा दोन्ही बरोबरच जातात. बोलणे असे जाण्याला डॉक्टर वाचाघात म्हणतात. गावात मात्र कुणी म्हणाले, पूर्वकर्म, दुसरे काय? हे आम्हांला मुळीच पटत नाही. नळ तुंबला तर आपण नळाचे पूर्वकर्म काढतो काय? आणि वारीला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: कुणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर अंगारा लावीत नि तेल चोळीत बसू नये. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि ते द्यावे की नाही हे मेंदूचा फोटो काढल्यावाचून ठरत नाही. असो.

आम्ही बुवांच्या भेटीला गेलो. खाटेशी बसलो आणि त्यांच्यादेखत सूनबाईंना विचारले, "काय हो, ह्यांना काही कळतं का?" बुवांनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरविले. कळत होते हो सगळे! पाणी मागायला जावे तर तोंडातून 'दार' निघे, आणि आपण भलतेच बोललो हेही त्यांना तत्काळ उमगे. वाचाघातात काहींची समज थोडीफार मंदावते, हे खरे; पण बोलणे गेले म्हणजे माणूसच गेला, असे धरून चालणे हा निव्वळ अडाणीपणा. तो आम्ही केला. जन्मभर वाणीचे निरूपण करणाऱ्याने केला. पुढे तीन महिने त्या उंबऱ्याकडे जाण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

मग एका स्नेही डॉक्टरांनी आम्हांला एक जुनी हकीकत सांगितली. 1745 साली स्वीडन देशात ओलोफ दालिन ह्या गृहस्थांनी एका रोग्याची नोंद करून ठेवली. त्याची वाचा गेली होती, पण आजारापूर्वी पाठ असलेली भजने तो चांगल्या माणसासारखी स्पष्ट म्हणे. मात्र सुरुवातीला कुणीतरी त्याच्याबरोबर गावे लागे. वाचून आम्ही थक्क झालो. ही तर आमच्या टाळकऱ्यांचीच रीत! गाण्याला मेंदूची उजवी बाजूही हातभार लावते, असे डॉक्टर म्हणाले. त्याच आधारावर 1973 साली अमेरिकेतील बोस्टनच्या मंडळींनी सुरावर बोलणे शिकविण्याची एक पद्धत मांडली.

दुसऱ्या दिवशी सांजवेळी आम्ही टाळ घेऊन बुवांकडे गेलो. काही न बोलता हरिपाठ धरला. पहिला चरण आमचा एकट्याचा. दुसऱ्या चरणाला बुवांचे ओठ हलले, आणि तिसऱ्याला शब्द बाहेर पडला, अख्खा नि स्वच्छ! सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आमचे टाळ थांबले, तसे बुवाही थांबले. आणि पुन्हा पाणी मागायला 'दार'च.

म्हणून भाबडेपणाने बोलायचे नाही. पाठांतर ओठांवर येणे निराळे आणि स्वतःच्या मनीचे सांगता येणे निराळे. पहिल्याने समाधान होते, पण दुसऱ्याची भूक राहतेच. ती कशी भागवावी, ह्याचा दृष्टांत पुन्हा स्वीडनचाच आहे. टोमास ट्रान्सट्रोमर नावाचे कवी तेथे होऊन गेले. 1974 साली त्यांनी एका दीर्घ कवितेत अशा संगीतकाराचे वर्णन केले, ज्याची वाचा पक्षाघाताने गेली आहे, पण संगीतरचना चालूच आहे. असा पुरुष खरोखरच झाला होता. मॉस्कोचे शेबालिन ह्यांची वाचा 1959 च्या झटक्याने गेली, तरी 1962 साली त्यांनी आपली पाचवी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, पुरी केली. आता दैवगती पहा. कविता लिहिल्यावर सोळा वर्षांनी, 1990 साली, एकोणसाठाव्या वर्षी, तोच घाव खुद्द कवीवर पडला. उजवे अंग गेले, बोलणे जवळजवळ सगळे गेले. पण पियानो त्यांना येत होता. ते एकट्या डाव्या हाताने वाजवू लागले. संगीतकारांनी त्यांच्यासाठी डाव्या हाताच्या रचना मुद्दाम करून दिल्या. 2004 साली त्यांचा नवा कवितासंग्रह आला, तोही बहुतेक तीन-तीन ओळींच्या कवितांचा. 2011 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मेजवानीच्या सभेत त्यांच्या वतीने पत्नी बोलल्या. 2015 साली ते निवर्तले.

ही गोष्ट आम्ही बुवांना सांगितली, ह्या वेळी त्यांच्याकडे पाहून, सावकाश. त्यांनी डाव्या हाताने कोनाड्यातली पेटी दाखविली. आता पेटीची रीत अशी की स्वर उजव्या हाताचे आणि भाता डाव्याचा. उजवा तर मांडीवर पडलेला! मग नातवाला भात्याशी बसविले. पोर आठ वर्षांचे, कधी जोरात मारी, कधी विसरे. बुवा त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारीत. पहिले चार-सहा महिने बोटे अडखळत. मग एका एकादशीला आम्ही गेलो तेव्हा ते काही निराळेच वाजवीत होते. चाल ओळखीची वाटेना. आम्ही विचारले, "ही कुणाची चाल, बुवा?" त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

नवी चाल होती. कोणत्या अभंगाला बसते, हे आम्ही एकेक अभंग म्हणून शोधीत होतो आणि बुवा मान हलवून नाही म्हणत होते. पाचव्या अभंगाला डोळे चमकले. लगेच मृदंग आला, टाळकरी जमले. दुसऱ्या चरणाला आमचा एक स्वर घसरला, तोच बुवांनी डावा हात वर करून सगळ्यांना थांबविले आणि पेटीवर तो स्वर दाबून धरला. आम्ही पुन्हा म्हटले. पुन्हा चूक, पुन्हा हात वर. चौथ्या वेळी जमले, तेव्हा कुठे त्यांनी नातवाला पुढे चल म्हणून खूण केली.