जोडायचं असेल, तर हळू

चाळीसगाव-धुळे ही रेल्वेची शाखा 1900 सालची. पूर्वी धुळ्याहून निघालेले डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडले जात. जोडताना धाडकन आवाज व्हायचा, पेंगुळलेली माणसं दचकून उठायची. कुणीतरी जाणता अहिराणीत म्हणायचा, "जपी जाय रे भाऊ, डबा जोडाई गया!" म्हणजे, झोप रे भाऊ, डबा जोडला गेला.

अकरावीच्या भौतिकशास्त्रातल्या टकरींच्या धड्यात त्या आवाजाचा हिशेब आहे. समजा, एक मोकळा डबा ताशी 4 किलोमीटरने घरंगळत आला, तेवढ्याच वजनाच्या उभ्या डब्याला भिडला आणि त्यालाच जोडला गेला. आता दोन्ही डबे मिळून ताशी 2 किलोमीटरने पुढे सरकतात. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, जेवढा होता तेवढाच राहतो. गतिज ऊर्जा मात्र बरोबर निम्मी होते. बाकीची निम्मी बफरमध्ये, तापलेल्या लोखंडात आणि त्या धाडकन आवाजात जिरते. ही अस्थितिस्थापक टक्कर.

कॅरममध्ये तसं नसतं. स्ट्रायकर सोंगटीवर आदळतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. ऊर्जा जवळजवळ शाबूत राहते. 'टक्' आवाजात आणि किंचित उष्णतेत गेली, तेवढीच काय ती खर्ची पडली. पैपैचा चोख हिशेब हवा असेल, तर धुळ्यातल्या पांझरा नदीकाठच्या सकाळच्या हवेकडे पाहावं. हवेतला एकेक रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा शेजाऱ्यांवर आदळतो, तरी सगळ्यांची मिळून ऊर्जा घटत नाही. घटत गेली असती, तर हवा आपोआप गार होऊन केव्हाच जमिनीवर साचली असती. पण एवढ्या टकरा होऊनही तिथे कुणी कुणाला जोडलं जात नाही.

ज्या भेटीत काहीच खर्च होत नाही, त्या भेटीनंतर दोघं वेगळेच राहतात. जुळण्याला किंमत पडते. घरात नवी सून येते, वाटणी झालेले दोघे भाऊ पुन्हा एकत्र शेती करायला घेतात, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस भांडी वाजतातच. 'यांचं काही जमणार नाही' असा निकाल लगेच देऊ नये. ते जमत असल्याचाच तो आवाज असू शकतो.

आवाज किती व्हावा, हे मात्र आपल्या हातात असतं. वेग दुप्पट केला, तर धक्क्यात जिरणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून तर शंटिंग करताना इंजिन डब्यांच्या अलीकडे थांबवतात आणि मग माणसाच्या चालीने पुढे घेतात. आज कुणाशी जुळवून घ्यायचं मनात असेल, तर थोडा धक्का बसणार हे धरूनच निघा. आणि अगदी जवळ पोहोचलात, की वेग कमी करा.