अनुताप आणि आत्मनिंदा

उत्तनजवळच्या चौक गावी ख्रिस्ती कोळी बांधव राहतात. त्यांच्या बायबलातला पेत्रही मासेमारच. संकटकाळी त्याने गुरूला तीनदा नाकारले, मग ढसढसा रडला. येशूने त्याला झिडकारले नाही; प्रेम आहे ना, एवढेच तीनदा विचारून आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपविली. पस्तावा यहूदालाही झाला. पण तो क्षमेकडे वळलाच नाही, त्याने गळफास घेतला.

आम्हांस यात मोठे मर्म दिसते. अनुताप देवाच्या पायाशी नेतो. आत्मनिंदा आपल्याच पापाभोवती फिरवीत ठेवते. माझे पाप देवालाही धुववणार नाही, असे म्हणणे ही नम्रता नव्हे, उलटा अहंकार होय. अहो, पतितपावन हे ब्रीद कोणाचे? तेव्हा रडावे, पाय धरावे आणि उठून सेवेला लागावे. रामकृष्णहरी!