स्वभावास औषध

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्याकडे फार सोयीची होऊन बसली आहे. घरातील एखादा कर्ता पुरुष भरल्या ताटावरून संतापून उठून गेला, म्हणजे मागे राहिलेली माणसे हीच म्हण पुटपुटतात. आणि दुसऱ्या दिवशी किंचित ओशाळलेला तो गृहस्थही हिच्याच आड उभा राहतो. ज्याने दुखविले त्यास ती दोषातून मोकळे करते आणि जे दुखावले गेले त्यांस ती आशा सोडावयास शिकविते. जी म्हण दोन्ही पक्षांस अशी स्वस्थ बसविते, तिची एकदा तरी कसून परीक्षा झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम असे पाहावे की, ज्यास आपण तापट स्वभाव म्हणतो, तो सर्वत्र सारखाच प्रकट होतो काय? कचेरीत वरिष्ठाने चारचौघांत पाणउतारा केला, तर हाच मनुष्य खाली मान घालून 'होय साहेब' म्हणतो. त्याच दिवशी संध्याकाळी आमटीत मीठ कमी पडले, तर मात्र त्याचा स्वभाव अनावर होतो. अग्नीचा स्वभाव जाळण्याचा; तो साहेबाचा कागद आणि घरचा कागद असा भेद करीत नाही. जो क्रोध माणूस पाहून येतो, त्यास स्वभाव न म्हणता सवलत म्हणणेच योग्य. स्त्रियांच्या, सासूबाईंच्या किंवा शिक्षकांच्या क्रोधासही हीच कसोटी लागू आहे. ती कठोर खरी, परंतु तिच्यात आशाही आहे. कारण ज्यास कचेरीत आवरता येते, त्याच्यापाशी आवरण्याची शक्ती आहेच, हे तिने सिद्ध होते.

ही शक्ती कोठे योजावी, याचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक साखळी सांगितली आहे: विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि पुढे मोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश व सर्वनाश. आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या आमच्या नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशास, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरांनी हा विचार मराठीत आणला. साखळीत क्रोध चौथा आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. तो उसळला तेव्हा तीन कड्या अगोदरच जुळून गेलेल्या असतात. 'माझा मान राहिला नाही', 'मुद्दामच केले', ही मनातली घोकणी म्हणजे पहिली कडी. आणि तोडावयाची ती तीच. पाश्चात्त्य मानसोपचारात अल्बर्ट एलिस व ॲरन बेक यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून जी पद्धती रूढ केली, तिचाही रोख येथेच आहे: प्रसंगापेक्षा प्रसंगास आपण लावलेला अर्थ तपासावा.

परंतु कडी तुटली नाही आणि क्रोध आलाच, तर काय करावे? रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि विलंब हा त्यावरील मोठा उपाय मानला. छातीची धडधड, आवळलेले दात, चढलेला श्वास ही शरीराची भाषा प्रथम ओळखावी. बोलणे थांबवून, 'थोड्या वेळाने बोलू' एवढेच सांगून, उठून चालून यावे. रात्री आलेल्या मोबाईलवरील निरोपास सकाळीच उत्तर द्यावे. राग कशावर तरी काढला की निवतो, ही समजूत मात्र प्रयोगांत टिकलेली नाही. उशी बडविणाऱ्यास बडविण्याचाच सराव होतो.

आता म्हणीची दुसरी बाजू. असेही लोक आहेत की ज्यांस हे सर्व ठाऊक असते, जे मनापासून यत्न करितात, आणि तरीही पुनःपुन्हा हरतात. थायरॉईड ग्रंथीचा विकार, निद्रानाश, दीर्घकाळची वेदना, मद्य, किंवा खिन्नतेचा आजार, जो पुष्कळ पुरुषांत रडण्यापेक्षा चिडण्याच्या रूपाने दिसतो, यांपैकी एखादे कारण अशा क्रोधाच्या मुळाशी असू शकते. शांत प्रकृतीचे वृद्ध गृहस्थ अचानक तापट झाले, तर मेंदूच्या विकाराची शंका घेतली पाहिजे. येथे तर औषध या शब्दाचा अगदी सरळ अर्थाने उपयोग आहे. म्हणजे क्रोध सवलतीचा असो वा विकाराचा, दोन्हीकडे म्हण खोटीच ठरते.

पण आपला क्रोध आपल्या आवाक्याबाहेर गेला, हे ठरवावयाचे कोणी? क्रोधी मनुष्य या खटल्यातला वाईट न्यायाधीश. कारण प्रत्येक वेळी त्यास कारण सापडतेच. निकाल घराच्या वागण्यात वाचावा. बाहेर चप्पल वाजताच मुलांचे हसणे थांबते काय? पत्नी साधी गोष्ट सांगण्यासही मुहूर्त शोधते काय? हात उगारला गेला, वस्तू फेकली गेली, प्रत्येक वेळी पश्चात्ताप होऊनही तेच पुन्हा घडले, तर आता एकट्याने झगडण्याची वेळ संपली, असे निश्चित समजावे.

परंपरा अशी सांगते की, लोकांच्या उपहासाने दुखावलेले ज्ञानेश्वर एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून विनवून ती उघडावयास लाविली. ताटीचे अभंग ते हेच. ज्ञानेश्वरांसही बाहेरून कोणी हाक मारावी लागली, हे या कथेचे मर्म आहे. परंतु हिचा दुरुपयोगही होतो, तो असा की, मार खाणाऱ्या स्त्रीस मुक्ताबाई होण्याचा उपदेश केला जातो. मुक्ताबाई एका बंद दारासमोर उभी होती. उगारलेल्या हातासमोर नव्हे. जेथे मारहाण आहे, तेथे प्रथम जपावयाचा तो मार खाणाऱ्यांचा जीव. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. क्रोधी माणसाची सुधारणा ही त्याची जबाबदारी. ती त्याच्या बळीवर लादणे हा दुसरा अन्याय होय.

मदत मागण्याने पुरुषार्थास उणेपणा येतो, असे ज्यांस वाटते, त्यांनी नगरच्या भुईकोट किल्ल्याचे स्मरण करावे. १९४२ च्या ऑगस्टपासून तेथे जे नेते स्थानबद्ध होते, त्यांत मौलाना आझादही होते. पुढील वर्षी त्यांची पत्नी वारली, आणि ते त्या भिंतींच्या आतच होते. मनातील खळबळ त्यांनी एका स्नेह्यास पत्रांतून लिहिली; ती टपालात पडू शकत नाहीत, हे जाणूनही लिहिली. १९४६ मध्ये ती 'गुबारे खातिर', म्हणजे मनावरील धूळ, या नावाने प्रसिद्ध झाली. इतक्या धीराच्या पुरुषासही समोर कोणी ऐकणारा आहे, अशी कल्पना तरी लागलीच.

आज तर असा ऐकणारा कल्पावा लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने नागरिकांचा हक्क ठरला आहे. रक्तदाबासाठी वैद्याकडे जाताना आपण लाजत नाही. मग ज्या रोगाचा ताप रोग्यापेक्षा त्याच्या मुलाबाळांस अधिक होतो, त्यासाठी लाजणे कोणत्या न्यायाचे?

तेव्हा स्वभावाला औषध नाही, ही म्हण घरातून काढूनच टाकावी, असे आम्ही सुचवितो. औषध आहे, कोठे ते विलंबाचे, कोठे विवेकाचे, कोठे वैद्याच्या हातचे. मात्र घरच्या माणसांनी भीत भीत ते सुचविण्याची वाट न पाहता ज्याचा स्वभाव त्याने स्वतः उठून ते आणावयास जावे, इतके त्याचे कर्तव्य उरतेच.