याद्यांची यादी आणि अवयवीचा प्रश्न

मॅट्रिक्स म्हणजे आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत मांडलेली संख्यांची आयताकृती रचना. पायथनसारख्या संगणकभाषेत ती लिहिण्याची सर्वांत साधी रीत अशी की, प्रत्येक ओळीची एक यादी करावी आणि त्या सगळ्या याद्या एका बाहेरच्या यादीत ठेवाव्यात. अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’, म्हणजे भागांपासून उत्पन्न होणारा पण भागांहून भिन्न असा पूर्ण पदार्थ, मानावा की नाही, हा न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तपासलेला वाद या रीतीला नेमका लागू पडतो. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्र हे धाग्यांत ‘समवाय’ नावाच्या नित्य संबंधाने राहणारे स्वतंत्र द्रव्य आहे. बौद्धांच्या मते ते धाग्यांच्या मांडणीला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे.

बाहेरची यादी हीच अवयवी, असे प्रथमदर्शनी वाटते, कारण तिला ओळींहून निराळे अस्तित्व आहे. परंतु धागे उसवले की वस्त्र नष्ट होते, असे वैशेषिक सांगतात, तर या यादीतून सगळ्या ओळी काढून घेतल्या तरी तीच यादी रिकामी होऊन शिल्लक राहते. तिचे ओळींशी असलेले नाते समवायाचे नसून, कुंड आणि बोरे या शास्त्रप्रसिद्ध उदाहरणातल्यासारखे संयोगाचे, म्हणजे वेगळ्या होऊ शकणाऱ्या दोन वस्तूंच्या नुसत्या जोडणीचे, ठरते. किंबहुना तेवढेही नाही, कारण यादीत ओळी नसतातच, त्या स्मृतीत कोठे आहेत हे दाखवणारे निर्देश असतात. म्हणून एकाच ओळीचा निर्देश तीनदा ठेवून तीन ओळींचे मॅट्रिक्स उभे करता येते आणि मग पहिल्या ओळीतले एक पद बदलताच तिन्ही ओळींत तो बदल दिसतो. अवयवी प्रत्येक अवयवात संपूर्ण राहतो की अंशाने, असे बौद्ध विचारत. येथे एकच अवयव तीन स्थानी आणि तिन्ही ठिकाणी संपूर्ण आहे, ही अडचण दोन्ही पक्षांच्या हिशेबाबाहेरची होती.

एवढ्यावरून बौद्धांचा पक्ष सिद्ध झाला, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. गणितात ओळ आणि स्तंभ यांचा दर्जा सारखा असतो. याद्यांच्या यादीत मात्र ओळ ही वस्तू आहे आणि स्तंभ प्रत्येक ओळीतून एकेक पद वेचून बनवावा लागतो. ओळींची लांबी कमीजास्त झाली तरी यादी हरकत घेत नाही. आयत टिकतो तो आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शिस्तीमुळे. याउलट नमपाय या पायथनच्या ग्रंथालयात एरवी सगळ्या संख्या सलग ठेवून ओळी-स्तंभांची मापे वेगळी नोंदवतात, त्यामुळे ओळींचे स्तंभ करताना एकही संख्या हलवावी लागत नाही, फक्त नोंद बदलते. तेव्हा अवयवी आहे की नाही याच्या आधी, अवयव कोणते हेच येथे मांडणीवर अवलंबून आहे, आणि ते आधीच ठरलेले असतात असे गृहीत धरूनच दोन्ही पक्ष वाद घालत आले.